रुमालाखालचे गुण

इस्माईलचाचांनी पहिल्यांदा माझ्या हातातून मोबाईल घेतला तेव्हा तो कानाशी धरून हलवला. मला वाटलं, यांना फोन आलाय असं वाटतंय. पण ते फोन ऐकत नव्हते. वाळलेली मिरची कानाजवळ हलवली की आत बी वाजतं. वाजलं तर माल तयार, नाही वाजलं तर अजून ओला. चाळीस वर्षं मिरचीची दलाली केलेल्या हाताला ती सवयच पडली होती. खरबूज असो, औषधाची बाटली असो, लग्नाची पत्रिका असो, आधी कानाशी. त्या मोबाईलमध्ये माझ्या एका विद्यार्थ्याने बनवलेला गेम होता. चाचांनी मोबाईल परत दिला आणि म्हणाले, "वाजत नही. वल्ला शे अजून."

गेम खरंच अर्धवट होता. दुसऱ्या लेव्हलला बंद पडायचा. हे त्यांना कसं कळलं, ते मी नंतर बऱ्याचदा विचारलं. त्यांनी सांगितलं नाही. आता चाचा नाहीत, म्हणजे ते राहिलंच.

मी रनाळ्याचा. आमच्या घरात कॉलेजात जाऊन पदवी घेऊन परत आलेला मी पहिला, आणि हे सांगायला मी कधी लाजलो नाही. नंदुरबारला मार्केटच्या रस्त्यावर कॉम्प्युटर क्लास काढला, तेव्हा पाटीवर क्लासच्या नावापेक्षा माझी बी.एस्सी. मोठ्या अक्षरांत रंगवून घेतली. खाली लाल रंगात 'प्रथम श्रेणी'. क्लास वरच्या मजल्यावर, चाचांचा गाळा खाली. पाटी लागली त्या दिवशी चाचांनी ती दोनदा वाचली आणि हे बीएस्सी कोण, तुझे भागीदार का, असं विचारलं. तेव्हापासून मी बीएस्सी. "ओ बीएस्सी, चहा ऊना," चहा आला की खालून हाक. माझं खरं नाव त्यांना माहीत होतं की नाही, शंकाच आहे.

त्यांचा आवाज सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. डावा कान अधू, म्हणून जगालाही ऐकू येत नसणार असं धरून ते बोलत. गावाबाहेर मोकळ्या रानात मिरची वाळत घालतात, त्याला आमच्याकडे पथारी म्हणतात. त्या लालभडक पथारीच्या एका टोकाला चाचा उभे राहून ओरडले की दुसऱ्या टोकाची बकरी खाता खाता थांबायची. वाक्य संपलं की खोकला. मिरचीची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली, त्यामुळे तीन ठसके, मग एक लांब घरघर, मग "हां, बोल". जिल्ह्यातल्या ज्या ज्या माणसाने कधी मिरची विकली, त्याने हा खोकला ऐकलेला होता.

आता स्पर्धेचं. आमच्याकडची पोरं हौसेने मोबाईलवर, क्लासच्या कॉम्प्युटरवर लहान लहान गेम बनवत. म्हटलं, यांची स्पर्धा घेऊ. पहिल्या वर्षी मी नियम एकच लिहिला होता, 'परीक्षकांचा निर्णय अंतिम राहील.' सगळीकडे लिहितात, मीही लिहिला. परीक्षक तिघे. त्यातले मुख्य पाटील सर, गणिताचे निवृत्त शिक्षक. पहिला गेम संपला आणि सरांनी खणखणीत आवाजात सांगितलं, "नऊ." मग बाकीच्या दोघांनीही नऊच दिले. सरांपुढे आठ म्हणायची त्यांची छाती झाली नाही. शेवटी जिंकला तो सरांचा जुना विद्यार्थी निघाला. सरांच्या मनात काही नव्हतं, हे मी आजही सांगेन. पण हरलेल्या एका मुलाची आई, सुमनबाई, पदर खोचून पुढे आली आणि नियम दाखवा म्हणाली. मी एकमेव नियम दाखवला. ती तो मोठ्याने वाचत असताना मागच्या खुर्च्या पडायला लागल्या.

आवाजाने चाचा वर आले. सगळं ऐकून घेतलं, कागद हातात घेतला, सवयीने कानाजवळ हलवला आणि मला विचारलं, "निर्णय अंतिम, हाई ठीक शे. पन पहिला निर्णय कोनता?"

बी.एस्सी.ला हे शिकवत नाहीत.

दुसऱ्या वर्षी स्पर्धा जाहीर केली तर नावं द्यायला कोणी येईना. सुमनबाईंनी सगळीकडे सांगून ठेवलं होतं की तिथे आधीच ठरलेलं असतं. हे एकदा चिकटलं की निघत नाही. स्पर्धा तर जाणार होतीच, क्लासही जाईल अशी वेळ आली. शेवटी मी खाली उतरलो आणि चाचांना म्हटलं, नियम करायचेत, बसा माझ्याबरोबर. त्यांनी एक पोतं सरकवून मला जागा दिली. पुढचे आठ-दहा दिवस दुपारच्या वेळी आम्ही शिंकत शिंकत नियम केले.

त्यांची पद्धत अशी. मी नियम वाचायचा. मग चाचा खांद्यावरचा चौकडीचा रुमाल नीट करायचे, डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "आते तू माले चोर समज. मी चोर शे. सांग, कथाईन घुसू?" कुठून घुसू, असं विचारत ते त्या नियमातून शिरायची वाट शोधायचे. सापडली की इतके खूश व्हायचे की मला खरंच वाटायचं, हा माणूस चुकून सरळ धंद्यात आला.

मी लिहिलं, गेम स्वतः बनवलेला असावा. चोर म्हणाला, मी सुरतच्या भाच्याकडून बनवून आणीन, तुला काय कळणार? मग नियम झाला की परीक्षक समोर बसून गेममधली एक गोष्ट बदलायला सांगतील, आणि ती तिथल्या तिथे बदलून दाखवायची. मी लिहिलं, परीक्षक स्पर्धकाचा नातेवाईक नसावा. चोराने नातेवाईक म्हणजे कुठपर्यंत, असं विचारलं. पाटील सरांना बोलावून यादी केली. सर मावसभावाच्या साडूपर्यंत पोचले तेव्हा लक्षात आलं की या हिशोबाने नंदुरबार तालुक्यात एकही परीक्षक उरत नाही. मग नावंच झाकायची ठरलं. गेमला फक्त नंबर. गेममधून तो कोणाचा हे कळेल अशी खूण असली तर गेम बाद.

काही नियम सरळ मिरचीच्या पोत्यातून आले. पोत्याच्या वरच्या थराला देखणा माल आणि खाली फटकी, म्हणजे रंग उडालेली मिरची, ही युक्ती चाचांना पाठ होती. म्हणून परीक्षकांनी आधी तिसरी लेव्हल खेळायची, पहिली नंतर. सगळे गेम एकाच मोबाईलवर खेळायचे, कारण काटा एक पाहिजे, आणि तो मोबाईल चाचांचा तडा गेलेला. बनवणाऱ्याने खेळणाऱ्याच्या मागे उभं राहून "सर, इथं दाबा" म्हणायचं नाही. मालक लांब, माल जवळ.

राहिलं गुण द्यायचं. मोठ्याने बोलायचे नाहीत हे तर ठरलं. चिठ्ठीवर लिहा, मी म्हटलं. चोराला सगळ्यांचं अक्षर ओळखू येत होतं. मग चाचांनी खांद्यावरचा रुमाल काढून माझ्या हातावर टाकला आणि खालून माझा हात धरला. पूर्वी बैलबाजारात, मिरचीतही, भाव असाच ठरायचा. रुमालाखाली बोटं दाबायची, आजूबाजूच्याला पत्ता लागत नाही. आता उघडा लिलाव असतो, ती पद्धत गेली. पण चाचांच्या बोटांत होती. अख्खा पंजा दाबला की पाच. मग वर जितकी बोटं दाबली तितके मिळवायचे. पाचाच्या आत असेल तर नुसती बोटं.

मला पटलं. मी लिहायला घेतलं, तर चाचांनी पेन धरलं. "बोटं मी मोजसू. मी खोटा आकडा सांगा तं?" स्वतःलाच चोर ठरवून त्यांनी आणखी एक नियम करवून घेतला. परीक्षकाने बोटं दोनदा दाबायची, एकदा चाचांची, एकदा माझी, आणि आम्ही वेगवेगळ्या कागदांवर लिहायचं. या वर्षी पाटील सरांबरोबर चाचाही परीक्षक होते, म्हणून त्यांचे गुण मी आणि सरांनी घ्यायचे.

पाटील सर रागावले. आयुष्यभर मी तोंडाने मार्क दिले, आता या वयात हात धरू का, म्हणाले. तिसऱ्या परीक्षक कल्पनाताई, त्यांचं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे. त्या म्हणाल्या, मी काही कोणाला हात देणार नाही. त्यांच्यासाठी रुमालाखाली गुणांइतक्या सुक्या मिरच्या ठेवायचं ठरलं. मिरची हाताळल्यावर डोळ्याला हात लावायचा नाही, हा नियम मात्र लिहायचा राहिला, आणि तो त्यांनी पहिल्याच गेमनंतर मोडला.

सगळे नियम लिहून झाले तेव्हा मी, खरं सांगतो, थोडा फुगलो होतो. चाचांना विचारलं, मला किती गुण? त्यांनी माझं डोकं आपल्या कानाशी धरून हलवल्यासारखं केलं. "तू अजून वाळना नही," म्हणाले.

बक्षीस एकच होतं. क्लासमधला एक कॉम्प्युटर वर्षभर जिंकणाऱ्याच्या घरी. तो हवा होता सगळ्यांनाच, पण सनाइतका कोणाला नाही. सना ही चाचांच्या मुलीची मुलगी, अकरावीतली. घरी कॉम्प्युटर नाही. क्लासमध्ये दिवसाला एक तास मिळायचा, बाकी सगळं ती आईच्या मोबाईलवर करायची, तेही आईला फोन आला की थांबून. चाचांनी तिला बजावलं होतं की गेमबद्दल मला अक्षर सांगायचं नाही. तिने नुसतं "नाना" म्हटलं तरी ते दोन्ही कानांत बोटं घालायचे. एक कान आधीच अधू, त्यालाही बोट.

स्पर्धेच्या दिवशी हॉल भरला. सुमनबाई पहिल्या रांगेत, हाताची घडी घालून. नियमांचा कागद त्यांनी आणलेला होता, माझ्यापेक्षा नीट घडी केलेला. गेम एकामागून एक चालले. चाचांच्या हातावर रुमाल, माझ्या हातावर रुमाल, पाटील सरांचा चेहरा ऑपरेशनला बसल्यासारखा, आणि कल्पनाताईंच्या डोळ्यांतून धारा.

मग अकरा नंबर आला. पथारीवर मिरच्या वाळताहेत, बकऱ्या येताहेत, आणि बकरी पोचायच्या आत मिरच्या गोळा करायच्या. सोपा, छान गेम. तिसरी लेव्हल सुरू झाली आणि मोबाईलमधून आवाज आला, "अय, बकरी ऊनी, बकरी! उचल, उचल!" मग तीन ठसके. मग लांब घरघर. मग "हां, बोल".

अख्खा हॉल हसून लोळला. पाटील सर, ज्यांना मी कधी हसताना पाहिलं नव्हतं, चष्मा काढून पुसायला लागले. फक्त एक माणूस हसत नव्हता. चाचा इकडे तिकडे बघत होते की झालं काय. त्यांनी मोबाईल उजव्या कानाला लावला, शांतपणे ऐकला आणि खाली ठेवला.

रुमालाखाली सरांनी मला नऊ दिले. ताईंच्या मिरच्या नऊ. चाचांनी माझी तीन बोटं दाबली. मला वाटलं, पंजा दाबायचा राहिला. मी हात काढला नाही. त्यांनी परत तीनच दाबली, आणि आकडे कागदावर उतरल्यावर मोबाईलमधल्या म्हाताऱ्याबद्दल बोलल्याशिवाय त्यांना राहवलं नाही.

"गेम बरा शे. पन हाऊ डोकरा भलता बोलस."

मागून सना उठली. "नाना, वो तुम हो," म्हणाली.

चाचांनी मोबाईल पुन्हा कानाला लावला. पुन्हा ठसके, पुन्हा घरघर. मग आम्हा सगळ्यांकडे बघून, अगदी हळू, म्हणजे त्यांच्या मानाने हळू, विचारलं, "मन्हा आवाज असा शे?"

"याहून मोठा आहे," पाटील सर म्हणाले.

मग खरा प्रश्न उभा राहिला, आणि तो सुमनबाईंनी कागद उघडून विचारला. खूण असली तर गेम बाद. ही खूण आहे की नाही? सना म्हणाली, आवाज माझा नाही, नाव माझं नाही, मला बकऱ्या हाकलणारा माणूस हवा होता आणि मला एकच माहीत आहे. खरं बोलत होती. पण चाचांनी रुमाल नीट केला, डोळे बारीक केले, आणि मला कळलं की चोर आला. ते म्हणाले, पुढच्या वर्षी मी माझ्या नातीच्या गेममध्ये मुद्दाम खोकेन, म्हणजे परीक्षकांना कळेल. दोघांनी नऊ दिले ते गेमला की मला? सरांनी मान खाली घातली. आवाज ओळखला नाही असा परीक्षक एकच, आणि त्याचे गुण तीन. पोरीचा गेम तीनचा नाही, हेही सगळ्यांना दिसत होतं.

शेवटी तोड निघाली ती अशी. गुणांत वरच्या चार गेमांना, त्यात सनाचाही, नव्याने गुण द्यायचे, आणि देणारे असे तीन लोक पाहिजेत ज्यांनी चाचांचा आवाज कधी ऐकलेला नाही. सगळ्यांनी मान डोलावली, आणि मग सगळ्यांना एकदमच प्रश्न पडला की असा माणूस आणायचा कुठून. शहादा, तळोदा, नवापूर, सगळीकडून मिरची इथे येते. मार्केटमध्ये एकाने आपला जावई सुचवला, नाशिकचा. जावयाने लग्नात चाचांचं भाषण ऐकलं होतं.

म्हणून आम्ही विसरवाडीला गेलो. तिथे हायवेला लांबून लांबून ट्रक येतात आणि ढाब्यावर थांबतात. जीपमध्ये मी, चाचा, साक्षीदार म्हणून सुमनबाई, आणि तडा गेलेला मोबाईल. सनाला आणलं नाही, मालक लांब. चाचांनी येऊ नये असं माझं म्हणणं होतं, पण मोबाईल त्यांचा, आणि तो ते कोणाकडे देत नसत. ढाबा दिसताच त्यांनी खांद्यावरचा रुमाल काढला आणि स्वतःचं तोंड बांधलं, मागे दोन गाठी मारून. आवाज निघाला तर सगळंच फुकट. ढाबेवाला त्यांच्याकडे बघून मला बाजूला घेऊन विचारायला लागला की म्हाताऱ्याला कुठे नेताय.

पहिला ड्रायव्हर राजस्थानचा, दुसरा पंजाबचा. दोघांनी चारही गेम खेळले आणि गुण दिले. चाचा बाकावर बसून, समोर चहा, वर साय धरलेली. तिसरा ड्रायव्हर दक्षिणेकडचा कुठला तरी. त्याला आमचं बोलणं कळत नव्हतं, आम्हाला त्याचं. बोटांवर कारभार. सनाचा गेम त्याने शेवटी खेळला. मोबाईलमधला म्हातारा ओरडायला लागला तसा तो मोठमोठ्याने हसू लागला. बाजूला ट्रकचा धूर, ढाब्यात मिरचीची फोडणी, आणि मी चाचांकडे पाहिलं तर ते लालबुंद. खोकला दाबून धरला होता. डोळे बाहेर यायचे बाकी. मग रुमालातून फुटलाच. तीन ठसके आणि लांब घरघर.

ड्रायव्हरने चमकून मोबाईलकडे बघितलं. त्याला वाटलं, गेमच खोकला. इतका जिवंत खोकला त्याने मोबाईलमधून कधी ऐकला नसावा. त्याने कौतुकाने मान हलवली आणि मला दोन्ही हातांची नऊ बोटं दाखवली.

सुमनबाई तेव्हा हात धुवायला गेल्या होत्या. मी मनात बेरीज केली. सना एका गुणाने पहिली होती.

चाचांनी गाठी सोडल्या. "हाई रद्द," म्हणाले.

मी हळूच म्हटलं, चाचा, कोणाला कळलंय? पोरीचा कॉम्प्युटर आहे. त्याला वाटलं गेमच खोकला.

"चोरले समजनं ना," छातीवर बोट ठेवून ते म्हणाले, म्हणजे त्यांच्यातल्या चोराला कळलं. आणि थंड चहा एका घोटात संपवून पुन्हा तोंड बांधलं.

सुमनबाई आल्यावर त्यांना मीच सगळं सांगितलं. नियमांचा कागद त्यांनी घडी करून पिशवीत टाकला, आणि तो पुन्हा काढला नाही. चौथा ड्रायव्हर शोधायला तासभर गेला. त्याने चारही गेम नव्याने खेळले, आणि त्याच्या गुणांनी सना एका गुणाने मागे पडली. कॉम्प्युटर कळसाडीच्या एका मुलाकडे गेला, ज्याने उसाच्या ट्रॅक्टरचा गेम बनवला होता.

सना आठ दिवस चाचांशी बोलली नाही. चाचा मात्र रोज वर यायचे, तिच्या बाकामागे चार हात लांब उभे राहायचे आणि न बोलता खाली जायचे. नवव्या दिवशी तिने गेममधल्या म्हाताऱ्याचं बोलणं निम्मं कमी केलं आणि न विचारता त्यांना ऐकवलं. त्यांनी उजव्या कानाला लावून ऐकलं. "आते बरा बोलस डोकरा," म्हणाले. पुढच्या वर्षी नावं द्यायला इतके लोक आले की मला जिन्यावर रांग लावावी लागली. रांगेत पहिल्या सुमनबाई होत्या, मुलाला घेऊन.

त्याच हिवाळ्यात खोकला वाढला. डॉक्टरांनी मिरचीपासून लांब राहायला सांगितलं, म्हणजे नंदुरबारपासूनच लांब. सुरतचा मुलगा घ्यायला आला. मी स्टँडवर पोचलो तेव्हा चाचा खिडकीशी बसलेले, बस घुरघुरत होती. बोलायला त्यांना मनाई होती, आणि पहिल्यांदाच ते कोणाचं तरी ऐकत होते. मला बघितल्यावर त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्यावर रुमाल टाकला.

मी रुमालाखाली हात घातला. त्यांनी माझा अख्खा पंजा दाबला. पाच. मग त्यांची बोटं सरकली, पुढचं बोट धरायला आली असं मला वाटलं, आणि तेवढ्यात बस हलली. हात सुटला. रुमाल माझ्याकडे राहिला. खिडकीतून ते काहीतरी हातवारे करत होते, पण तेवढ्यात आणखी एक बस मधे आली.

ते मला नऊ देणार होते, असं मी बरेच दिवस लोकांना सांगत होतो. प्रथम श्रेणीवाल्याला पाचावर कोण सोडतं? मग एकदा नियमांचा कागद पुन्हा नीट लिहायला बसलो, मार्केटमधून मिरचीची धूळ वर आली, शिंक आली, आणि मला डोळे बारीक केलेला तो माणूस दिसला, कथाईन घुसू म्हणून विचारणारा. आता कोणी विचारलं तर मी पाचच सांगतो.